ओळ म्हणजे काय? आज्ञावलींच्या ओळी मोजणाऱ्या साधनांचा इतिहास

१

संगणकाच्या एखाद्या आज्ञावलीचा आकार किती, असे विचारले असता तिच्या ओळींची संख्या सांगण्याचा प्रघात आहे. अमुक आज्ञावली दहा हजार ओळींची, तमुक एक कोटी ओळींची, असे या व्यवसायातील मंडळी सहज बोलतात. आणि ऐकणाराही त्या आकड्यावरून श्रम, खर्च व कर्त्याची योग्यता यांविषयी काही अनुमान मनाशी बांधतो. हा आकडा काढून देणारी लहान लहान साधने तयार आहेत. पडद्यावरील चित्रांचा आधार न घेता, साधनाचे नाव व मोजावयाच्या फाइलींचे ठिकाण टंकून, म्हणजे ज्यास कमांड लाइन म्हणतात तिच्यावरून, ती चालविली जातात. क्षणार्धात एक कोष्टक उमटते : एवढ्या ओळी कोडच्या, एवढ्या टिपांच्या, एवढ्या कोऱ्या.

प्रस्तुत निबंधात या साधनांचा इतिहास थोडक्यात सांगावयाचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, अशी शंका कोणी घेतल्यास ती अगदीच अस्थानी म्हणता यावयाची नाही. तिचे उत्तर एवढेच, की मोजणी करण्यापूर्वी एकक ठरवावे लागते, आणि लिखित मजकुराचे एकक कसे ठरवावे हा प्रश्न आपल्या शास्त्रात फार जुना आहे. 'शब्द म्हणजे काय' या प्रश्नावर आपण जितकी शाई खर्च केली आहे, तितकीच 'ओळ म्हणजे काय' या प्रश्नावर दुसऱ्या एका विद्याशाखेने गेल्या ६०-७० वर्षांत खर्च केली आहे. त्या शाखेच्या अनुभवातून आपणांस काही शिकता येईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परिभाषेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मनुष्याने लिहिलेल्या, यंत्रभाषेत अद्याप रूपांतर न झालेल्या आज्ञावलीस सोर्स कोड म्हणतात; येथे तिला मूळ संहिता म्हटले आहे. त्या संहितेतील जो मजकूर यंत्रासाठी नसून वाचणाऱ्या मनुष्यासाठी असतो, त्यास टीप म्हटले आहे. संहितेतून कोऱ्या ओळी व टिपा वगळल्यावर जे उरते ते कोड.

२

प्रारंभीच्या काळात हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण ओळ ही हातात धरता येण्याजोगी वस्तू होती. आय.बी.एम.चे ८० स्तंभांचे छिद्रपत्र १९२८ पासून प्रचारात होते. १९५७ मध्ये फोर्ट्रान ही भाषा वापरात आली तेव्हा तिचे लेखननियम या पत्राच्या मापानेच बेतले गेले. पहिल्या स्तंभात 'सी' हे अक्षर असेल तर ते पत्र टिपेचे. सहाव्या स्तंभात खूण असेल तर ते मागील पत्राचा पुढचा भाग. प्रत्यक्ष विधान सातव्यापासून बहात्तराव्या स्तंभापर्यंत. त्यापुढील आठ स्तंभांकडे भाषा लक्षच देत नसे. तेथे पत्राचा अनुक्रमांक छिद्रित करून ठेवीत, म्हणजे गठ्ठा हातातून पडून विस्कटला तर पुन्हा लावता येई.

या व्यवस्थेत एक पत्र म्हणजे एक ओळ, आणि बहुधा एक ओळ म्हणजे एक विधान. आज्ञावलीचा आकार पत्रांवरून कळे. पत्रांच्या पेटीत २,००० पत्रे मावत, त्यामुळे पेट्या पाहूनही अंदाज बांधता येई. कोणती ओळ टिपेची हेही पहिल्या स्तंभाकडे नजर टाकताच दिसे. ओळ या एककाची व्याख्या कोणी लिहून ठेवली नाही, कारण ती कागदाच्या कारखान्यातच ठरून आली होती. पुढील सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे. पत्रे गेली, पण पत्रांबरोबर जन्मलेले एकक मात्र मागे राहिले.

३

मजकूर पत्रांवरून फाइलीत गेला तेव्हा मोजण्यासाठी निराळ्या साधनाची गरज पडली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत निर्माण झालेल्या युनिक्स या प्रणालीची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची आहे. तीत 'डब्ल्यू-सी' या आज्ञेचे वर्णन आढळते. हे नाव शब्दगणना या अर्थाच्या इंग्रजी संज्ञेचे आद्याक्षररूप असून तिचे कर्तृत्व जो ओसाना यांच्याकडे जाते. मजकूर छपाईसाठी मांडून देणाऱ्या आज्ञावलींवर ओसाना यांनी पुढे जे काम केले, त्यामुळे त्यांचे नाव त्या क्षेत्रात कायमचे राहिले.

या आज्ञेचे मूळ वर्णन भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहावे असे आहे. ती तीन गोष्टी मोजीत असे : शब्द, मजकुराच्या ओळी आणि मांडणीच्या आज्ञांच्या ओळी. त्या काळच्या मुद्रणपद्धतीत ज्या ओळीचा आरंभ बिंदूने वा तत्सम ठराविक चिन्हाने होई, ती ओळ छापावयाची नसून मुद्रणयंत्रास सूचना देण्यासाठी असे. मोजणाऱ्या साधनाने या दोन प्रकारांत भेद केला. शब्दाची व्याख्याही तेथे स्पष्ट दिलेली आहे : ओळीचा आरंभ, ओळीचा शेवट, मोकळी जागा किंवा टॅब यांनी मर्यादित झालेला अक्षरसमूह म्हणजे शब्द. व्याकरणदृष्ट्या ही व्याख्या तोकडी आहे, यात संशय नाही. परंतु तिचा गुण असा, की ती उघड सांगितलेली आहे आणि वाचणाऱ्यास ती पटो वा न पटो, मोजणी कशाची झाली याविषयी त्याच्या मनात संदेह राहत नाही.

पुढील आवृत्त्यांत दोन प्रकारच्या ओळींतील भेद गळून पडला आणि ओळी, शब्द व अक्षरे असे त्रिकूट रूढ झाले. १९७३ मध्ये एका आज्ञेचे फलित दुसरीस पुरविण्याची सोय युनिक्समध्ये आली, तेव्हा कोऱ्या ओळी आधी गाळून मग उरलेल्या मोजणे सोपे झाले. आजही ही आज्ञा वापरात आहे. मात्र ती वस्तुतः ओळी मोजीत नाही. ओळ संपल्याची खूण किती वेळा आली तेवढे मोजते. शेवटच्या ओळीअखेर ती खूण नसेल, तर फाइलीत दहा ओळी दिसत असूनही उत्तर नऊ येते. छिद्रपत्राचे एकक फाइलीत आले ते अशा रूपाने : वस्तू नाहीशी झाली आणि केवळ सीमाचिन्ह उरले.

४

या मोजणीस खरे वजन प्राप्त झाले ते तिच्यावरून पैशाचा हिशेब होऊ लागल्यावर. टी.आर.डब्ल्यू. या अमेरिकन कंपनीत काम करणाऱ्या बॅरी बोएम यांनी १९८१ मध्ये सॉफ्टवेअरनिर्मितीच्या अर्थशास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ६३ प्रकल्पांच्या माहितीवरून त्यांनी बसविलेले सूत्र 'कोकोमो' या नावाने ओळखले जाते. त्याच्या सर्वांत साध्या रूपात हजार ओळी हे माप घेऊन त्याचा १.०५ वा घात करावयाचा आणि २.४ ने गुणावयाचे. उत्तर मनुष्यमासांत मिळते. दहा हजार ओळींच्या आज्ञावलीस या हिशेबाने सुमारे २७ मनुष्यमास लागतात. घात एकाहून किंचित अधिक असल्याने आकार दुप्पट झाला की श्रम दुपटीहून थोडे जास्त होतात.

बोएम यांनी आपल्या एककाची व्याख्या काळजीपूर्वक दिली आहे. टिपा धरावयाच्या नाहीत; सामग्रीची नोंद करणाऱ्या घोषणा धरावयाच्या; एका ओळीत दोन विधाने असली तरी एकच मोजावे, आणि एक घोषणा पाच ओळींत पसरली असेल तर पाच मोजावेत. येथे ओळ याचा अर्थ त्यांनी छिद्रपत्राची प्रतिमा असा सांगितला आहे. १९८१ मध्ये पत्रे मागे पडू लागली होती. तरीही मोजपट्टीत त्यांचेच माप होते.

व्याख्या ग्रंथात राहिली आणि आकडा व्यवहारात गेला. ज्याच्या ओळी अधिक त्याचे काम अधिक, असा सोपा समज कचेऱ्यांतून पसरला. ॲपल कंपनीतील एक प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. १९८२ च्या सुमारास 'लिसा' या संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येकाने आठवड्यात किती ओळी लिहिल्या हे एका तक्त्यात भरून द्यावे, असे व्यवस्थापकांनी ठरविले. बिल ॲटकिन्सन यांनी त्या सुमारास चित्रणाच्या आज्ञावलीचा एक भाग अधिक साध्या पद्धतीने पुन्हा लिहिला होता. तो सुमारे सहापट वेगाने चालू लागला होता आणि त्यातून सुमारे २,००० ओळी कमी झाल्या होत्या. ॲटकिन्सन यांनी तक्त्यात 'उणे २,०००' असा आकडा लिहिला. काही आठवड्यांनी त्यांच्याकडून तो तक्ता मागणे बंद झाले. ही हकीकत त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी नोंदवून ठेवली आहे.

१९८८ मध्ये डच शास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी हाच मुद्दा तात्त्विक रूपात मांडला. ओळी मोजावयाच्याच असतील तर त्या निर्माण केलेल्या नसून खर्च केलेल्या मानाव्यात, आणि आजवरच्या रीतीने त्या खातेवहीत चुकीच्या बाजूस मांडल्या जात आहेत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पाणिनीची परंपरा माहीत असलेल्या वाचकास हे समजावून सांगण्याची गरज नाही. अर्ध्या मात्रेचे लाघव साधले तरी वैयाकरणास पुत्रजन्माएवढा आनंद होतो, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते.

ओळीऐवजी दुसरे एकक शोधण्याचे प्रयत्नही याच काळात झाले. पर्ड्यू विद्यापीठातील मॉरिस हॅल्स्टेड यांनी १९७७ मध्ये क्रिया दर्शविणारी चिन्हे व ज्यांवर क्रिया होते ती पदे अशी फोड करून, त्यांच्या एकूण आवृत्ती आणि परस्परभिन्न पदांची संख्या यांवरून आज्ञावलीचे आकारमान काढले. कोशरचनेत आपण आवृत्ती आणि भिन्न शब्द असा जो भेद करतो, तोच हा. आय.बी.एम.मधील ॲलन अल्ब्रेक्ट यांनी १९७९ मध्ये संहिता बाजूस ठेवून, आज्ञावली उपयोजकास कोणती कार्ये करून देते यावर आधारलेले माप सुचविले. दोन्ही मापांना अनुयायी मिळाले. पण ओळीची जागा त्यांना पूर्णपणे घेता आली नाही. ओळ मोजणे स्वस्त आहे, आणि स्वस्त मापाचा मोह सुटत नाही.

५

ज्याचा त्याग करता येत नाही त्याची निदान व्याख्या तरी नीट करावी, या भूमिकेतून १९९२ मध्ये एक महत्त्वाचा अहवाल निघाला. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेतील रॉबर्ट पार्क यांनी तो सिद्ध केला. त्यात त्यांनी एकच व्याख्या सर्वांवर लादली नाही. एक सविस्तर पडताळासूची दिली. ओळ प्रत्यक्ष दिसणारी धरावयाची की तार्किक विधान हे एकक मानावयाचे? घोषणा धरावयाच्या काय? टिपा स्वतंत्र ओळीवर असतील तर काय, आणि कोडच्या शेजारी असतील तर काय? मनुष्याने लिहिलेली ओळ, दुसऱ्या यंत्रसाधनाने उत्पन्न केलेली ओळ, अन्यत्रून जशीच्या तशी आणलेली ओळ, यांतील कोणत्या मोजावयाच्या? प्रत्येक प्रश्नापुढे धरावे किंवा वगळावे अशी खूण करावयाची. सूची भरून झाली म्हणजे तीच त्या मोजणीची व्याख्या. निरनिराळ्या संस्थांच्या व्याख्या भिन्न राहिल्या तरी चालतील, पण त्या अव्यक्त राहू नयेत, हे या अहवालाचे सार आहे.

नव्या शतकात मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमुळे प्रचंड संहिता कोणासही वाचावयास खुल्या झाल्या आणि मोजणीस नवे क्षेत्र लाभले. डेव्हिड व्हीलर यांनी 'स्लॉककाउंट' हा साधनसंच तयार केला आणि २००१ मध्ये रेड हॅट लिनक्स ७.१ या संपूर्ण वितरणाची मोजणी प्रसिद्ध केली. संख्या ३ कोटी ओळींहून अधिक भरली. बोएम यांच्या सूत्राने ती श्रमांत रूपांतरित केली असता सुमारे ८,००० मनुष्यवर्षे, आणि अमेरिकेतील प्रचलित वेतन धरून खर्च १ अब्ज डॉलरहून अधिक, असे उत्तर आले. त्याच वर्षी स्पेनमधील संशोधकांनी डेबियन २.२ या वितरणात ५.५ कोटींहून अधिक ओळी असल्याचे याच साधनाने दाखविले. ज्या वस्तूस किंमत नव्हती तिला या आकड्यांनी किंमत मिळवून दिली. हौशी लोकांचा उद्योग म्हणून जिची उपेक्षा होत असे, तिचा विचार अर्थशास्त्राच्या भाषेत होऊ लागला. ओळीची मोजणी सर्वथा निरर्थक आहे असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावयास हवे.

व्हीलर यांची व्याख्या काटेकोर आहे. ओळसमाप्तीच्या खुणेने किंवा फाइलीच्या शेवटाने संपणारी, आणि मोकळी जागा व टीप यांखेरीज निदान एक तरी अक्षर जीत आहे, ती ओळ. एकाच मजकुराच्या अनेक प्रती एकदाच मोजाव्यात, यंत्रनिर्मित फाइली वगळाव्यात, हे दंडकही त्यांनी सांगितले. शेवटच्या ओळीची जी अडचण वर उल्लेखिली आहे, ती या व्याख्येने दूर झाली.

६

'क्लॉक' हे साधन ॲल डॅनियल यांनी २००६ मध्ये उपलब्ध करून दिले. ते पर्ल भाषेत लिहिलेले असून त्यात व्हीलर यांच्या संचातील काही अंशही घेतलेला आहे. संपूर्ण साधन एका फाइलीत सामावते. ती कोणत्याही संगणकावर नेऊन चालविता येते. शेकडो संगणकभाषा ते ओळखते. कार्यपद्धती थोडक्यात अशी : प्रथम फाइलींची यादी करावयाची आणि एकसारख्या प्रती गाळावयाच्या, फाइलीच्या नावाच्या शेवटावरून, आणि जरूर तर पहिल्या ओळीवरून, भाषा ठरवावयाची, मग कोऱ्या ओळी काढून टाकावयाच्या, त्या भाषेच्या टिपांची चिन्हे शोधून टिपा काढून टाकावयाच्या, आणि उरलेल्या ओळी कोड म्हणून मोजावयाच्या. ज्या ओळीवर कोड आणि टीप दोन्ही आहेत ती कोडमध्ये धरली जाते. दोन आवृत्त्या दिल्या तर किती ओळी तशाच राहिल्या, किती बदलल्या, किती वाढल्या व किती गेल्या हेही ते सांगते. पाठभेदांचे काम करणाऱ्यांस ही रीत परकी वाटणार नाही.

हे साधन संहितेचे व्याकरण जाणत नाही, बाह्य रूपावरून निर्णय करते. त्यामुळे त्यापुढे ज्या अडचणी येतात त्या आपल्या ओळखीच्या आहेत. पहिली अडचण भाषा ओळखण्याची. नावाच्या शेवटी 'पीएल' असेल तर ती फाइल पर्लची असेल किंवा प्रोलॉगची. 'एम' असेल तर मॅटलॅब, ऑब्जेक्टिव्ह-सी आणि आणखी काही भाषा दावा सांगतात. देवनागरीतील पोथी हाती आली की ती संस्कृत, मराठी की हिंदी हे लिपीवरून ठरत नाही. मजकुरात शिरून विशेष रूपे शोधावी लागतात. क्लॉकही तेच करते. दुसरी अडचण उल्लेख आणि प्रयोग यांतील भेदाची. टीप सुरू करणारे चिन्ह अवतरणाच्या आत, केवळ उल्लेख म्हणून आले असेल, तरी क्लॉक फसू शकते आणि पुढील मजकूर टीप समजते. ही मर्यादा त्याच्या माहितीपत्रकातच नमूद आहे. नंतर रस्ट भाषेत लिहिले गेलेले 'टोकेई' हे साधन अवतरणातील चिन्हे आणि एकात एक गुंतलेल्या टिपा यांचा विचार करते. त्याच्या नावाचा जपानी अर्थ घड्याळ असा आहे. २०१८ मधील 'एस-सी-सी' हे साधन ओळींसोबत फाटे फोडणाऱ्या शब्दांची गणना करून गुंतागुंतीचाही अंदाज देते, आणि बोएम यांचे सूत्र लावून खर्चही सांगते.

तिसरी अडचण अधिक मूलगामी आहे. पायथॉन भाषेत कार्यखंडाच्या आरंभी त्याचे प्रयोजन सांगणारा मजकूर अवतरणात लिहिण्याची रीत आहे. भाषेच्या व्याकरणाने तो कोडचाच भाग. लिहिणाऱ्याच्या हेतूने तो भाष्य. क्लॉक त्यास मुळात टीप मानते, आणि कोड मानावयाचा असल्यास तशी सूचना देण्याची सोय ठेवते. टोकेईत मूळ गृहीत याच्या उलट आहे. यातील एक साधन बरोबर व दुसरे चूक असे म्हणता येत नाही. रूप पाहावयाचे की प्रयोजन, या प्रश्नावर दोघांनी भिन्न बाजू घेतली आहे एवढेच. एकाच संहितेविषयी दोन प्रामाणिक साधने भिन्न आकडे सांगतात, आणि दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येनुसार खरे असतात.

७

आपल्या हस्तलिखितपरंपरेत या प्रश्नाचे एक उत्तर आहे, ते येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. पोथीच्या अखेरीस पुष्कळदा ग्रंथाग्र किंवा ग्रंथसंख्या दिलेली असते. ही संख्या पत्रावरील ओळींची नसते. ३२ अक्षरे म्हणजे एक ग्रंथ, या हिशेबाने ती काढलेली असते, आणि गद्य मजकुरासही तोच हिशेब लावतात. पान लहान असो वा मोठे, अक्षर बारीक असो वा टपोरे, एकक बदलत नाही. नकल करणाऱ्याचा मोबदला ठरविण्यासही त्याचा उपयोग होई. लेखनाच्या साहित्यापासून एकक वेगळे काढले पाहिजे, हे आपल्या लेखकूंना उमगले होते. छिद्रपत्राच्या वारसांना ते साधले नाही. एकच सशर्त विधान एका ओळीत लिहिले तर एक मोजले जाते आणि कंसांसह पाच ओळींत मांडले तर पाच.

परंतु या उदाहरणावरून समाधान मानून थांबता येणार नाही, कारण आजच्या मराठीच्या संशोधनात आपणही तोच प्रमाद करीत आहो. अमुक लक्ष शब्दांचा संग्रह केला, असे आपण अभिमानाने लिहितो. 'रामाने घरात दिवा लावला' या वाक्यात मोकळ्या जागेने अलग झालेले चार शब्द आहेत. 'राम ने घर में दिया जलाया' या हिंदी वाक्यात सहा. मराठीत प्रत्यय नामास जोडून लिहावयाचे आणि हिंदीत अलग, हा लेखनाचा संकेत आहे. आशयात दोन शब्दांची वाढ झालेली नाही. तरीही दोन्ही भाषांच्या संग्रहांची तुलना याच आकड्यांनी केली जाते. अक्षरांची गोष्टही तशीच. 'शब्द' हा शब्द वाचकास दोन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या युनिकोड संकेतात त्याची चार चिन्हे होतात, कारण हलन्ताची खूण वेगळी मोजली जाते. आणि यूटीएफ-८ या रूढ साठवणपद्धतीत तो १२ बाइट व्यापतो. दोन, चार आणि बारा, यांपैकी कोणता आकडा आपण छापतो हे आपण क्वचितच सांगतो.

गेली काही वर्षे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासताना प्रस्तुत लेखकास असे अनेक आकडे आढळले आहेत. आकडा मोठा, म्हणून काम मोठे, अशी समजूत विद्यार्थ्याची होते, परीक्षकाचीही होते. एका विद्यार्थिनीने परिश्रमपूर्वक पुनरुक्त मजकूर गाळून आपला संग्रह जवळजवळ निम्म्यावर आणला, आणि मौखिक परीक्षेत तिला संग्रह लहान असल्याबद्दल खुलासा करावा लागला. परीक्षकांत प्रस्तुत लेखकही होता. प्रश्न विचारणारा तोच होता. ॲटकिन्सन यांचा तक्ता त्या वेळी त्याच्या स्मरणात असता, तर तो प्रश्न त्याने विचारला नसता.

यास्तव एक व्यावहारिक सूचना करून हा निबंध पुरा करावयाचा आहे. विभागातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक प्रबंधात संख्येसोबत चार गोष्टी असाव्यात : मोजणीचे साधन व त्याची आवृत्ती, एककाची व्याख्या, काय वगळले त्याची यादी, आणि वगळण्यापूर्वीचा आकडा. पार्क यांनी १९९२ मध्ये आज्ञावलींसाठी जी पडताळासूची केली, तशी एक सूची मराठी मजकुरासाठी करणे अशक्य नाही. जोडून व तोडून लिहिली जाणारी शब्दयोगी अव्यये, सामासिक शब्दांतील संयोगचिन्ह, अंकांत लिहिलेल्या संख्या, उद्धृत परभाषिक मजकूर, इतके विषय तीत प्रथम यावेत. त्यांपैकी प्रत्येकावर मतभेद होतील, आणि ते व्हावेत. पण ते सूचीवर दिसावेत, आकड्याच्या पोटात दडून राहू नयेत.